परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्पर्धेचे पत्रक घ्या, रांगोळीचे असो की पाककृतीचे. तळाशी बारीक टायपात एक ओळ असतेच: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. रांगोळीच्या बाबतीत ती खपून जाते. पण गूढ शब्दकोड्याची शोधसूत्रे लिहिण्याची हौशी स्पर्धा उद्या यावलला भरली, तर ही ओळ दुपारच्या चहापर्यंतही टिकायची नाही.

तशी स्पर्धा तिथे भरायला हरकत काहीच नाही. यावल एकेकाळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी आणि निळीसाठी ओळखले जाई, म्हणजे कच्चा माल गावचाच होता. शिवाय आपल्याकडे शब्दकोड्यात मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर एका चौकोनात बसते, त्यामुळे फोडाफोडीला चांगला वाव. (फोडाफोडी हा शब्द इथे व्याकरणाच्या अर्थाने घ्यावा.)

नेहमीच्या कोड्यात 'कमळ' दिले की 'पंकज' लिहायचे आणि पान उलटायचे. गूढ कोड्याचे तसे नसते. शोधसूत्राच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत अक्षरे कशी जुळवायची त्याची कृती. वरवर मात्र ते साधे वाक्य वाटले पाहिजे. उदाहरणार्थ, 'छायावलयात दडलेला तालुका (३)'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सातपुड्याची सावली येते, आणि तालुका शब्दाच्या पोटात बसलेला असतो: छा-यावल-यात. कंसातला आकडा चौकोनांचा.

'सूर लावून बोला, केळीचे गाव (३)' हेही याच जातीचे. सूर म्हणजे सा, बोला म्हणजे वदा, झाले सावदा. 'कोंडा घेऊन मागे फिर, गाडी बदलायची आहे (४)' यात कोंड्याचा भुसा होतो, मागे फिरण्याचे वळ, आणि प्रवासी भुसावळच्या फलाटावर उतरतो. 'वांगी भाजली, आणखी भर घालाल ती कशात? (३)' याचे उत्तर खानदेशी माणसाला झोपेतही देता येईल: भरीत.

इथवर परीक्षक खूश असतात. मग गठ्ठ्यातून फैजपूर निघते. 'डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले ते गाव (४)'. माहिती बिनचूक, अभिमान रास्त, फैजपूर यावल तालुक्यातलेच. पण हे शोधसूत्र नव्हे, तलाठी भरतीचा प्रश्न झाला. तो बाद करावा, तर पाठवणारे गृहस्थ दारात उभे राहून विचारणार, "म्हणजे नेहरू इथे आले होते हे तुम्हाला मान्य नाही?"

त्याहून अवघड प्रकरण तापीचे. 'वडील उलटले, नदी झाली (२)'. काय सुरेख सूत्र आहे! पिता उलटा केला की नदी. फक्त पित्याचा 'पि' ऱ्हस्व आणि तापीचा 'पी' दीर्घ. एवढ्याशा वेलांटीवरून पहिले बक्षीस हुकते. स्पर्धक म्हणतो, हतनूरला धरण बांधताना तापीची वेलांटी कोणी मोजली होती? मुद्दा बिनतोड आहे, तरी सूत्र बादच. अक्षरांचा हिशेब द्यायचा म्हटल्यावर वेलांटीची उधारी चालत नाही.

आणि मग येते 'पेट घे म्हणणारे खेडे, मे महिन्यात तर खासच (४)'. पेट घे म्हणजे जळ, खेडे म्हणजे गाव. यावर परीक्षकांपैकी लोकप्रतिनिधी उठतात: जळगावला महानगरपालिका आहे, खेडे म्हणता कसे? त्यांना कोणीतरी सांगावे लागते की 'खेडे' हे शहराला म्हटलेले नाही, त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांना म्हटले आहे. ते बसतात, पण पटलेले नसते.

विलायतेत या वादांचा निकाल जरबेने लावत. तिथल्या 'ऑब्झर्व्हर' साप्ताहिकाच्या कोडेकारांनी टोपणनावेच स्पेनच्या धर्मन्यायालयातल्या क्रूरकर्म्यांची घेतली: टॉर्केमाडा, मग झिमेनेझ, आणि १९७२ पासून ॲझेड, म्हणजे उलटा केलेला डेझा. पण नाव जल्लादाचे असले तरी झिमेनेझचा, म्हणजे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या मॅकनटचा, दंडक न्यायाचा होता: अर्थ नेमका, कृती प्रामाणिक, आणि तिसरा शब्द फुकटचा नको. वाचकांच्या सूत्रांचे परीक्षण तो याच मापाने करी, आणि अमुक का चुकले हे समजावून सांगे. आपल्याकडे नेमके हेच समजावणे परीक्षकांना कमीपणाचे वाटते.

खरे तर आपल्याकडेही कोड्यांचे परीक्षण एकदा कसून झाले आहे, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. यावलचा पूर्व खानदेश मुंबई राज्यात होता त्या काळी आर. एम. डी. चमारबागवाला यांची बक्षिसांची शब्दकोडी बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार'मधून मुंबई राज्यात पोहोचत. चौकोनात दोन शब्द सारखेच चपखल बसत, पण बक्षीस मिळे ते आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल त्यालाच. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या खंडपीठाने निकाल दिला: हा बुद्धीचा खेळ नाही, जुगार आहे. दरम्यान १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला १,००० रुपयांची बक्षिसे आणि स्पर्धेला २,००० प्रवेशिका अशी मर्यादा घातलीच होती. त्याच दिवशी न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की तो कायदा जुगारी स्पर्धांपुरता आहे, कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाही.

म्हणजे कायद्याची अडचण नाही. परीक्षकाला उत्तर का बरोबर ते सांगता आले तर ते कौशल्य, नाहीतर ती लॉटरी. तेव्हा यावलच्या संयोजकांनी पत्रकातली ती शेवटची ओळ काढून 'प्रत्येक सूत्राची फोड निकालासोबत लावली जाईल' एवढे छापावे. तोवर आमचा निकाल असा: पहिला क्रमांक छायावलयाला, दुसरा भुसावळच्या कोंड्याला, उत्तेजनार्थ भरीत. तापीवाल्यांनी वेलांटी दुरुस्त करून पुढच्या वर्षी पाठवावे.