काका, फॉरमॅट मारावं लागेल

जुना कॉम्प्युटर बंद पडला की घरात पहिलं वाक्य कोणतं ऐकू येतं? 'नेमकं काय झालं?' हे नव्हे. 'फॉरमॅट मारावं लागेल', हे.

झाकण उघडलेलं नाही, एक प्रश्न विचारलेला नाही. निदानाआधीच शस्त्रक्रिया ठरलेली.

माझ्या काकांकडे परवा हेच झालं. २०१० सालचा असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, त्यात विंडोज सेव्हन. काका तीन आठवडे मुलीकडे गेले होते आणि जाताना शिस्तीत घराचा मेन स्विच बंद करून गेले. परत येऊन बटण दाबलं तर निळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मशीन आपोआप बंद, आपोआप सुरू, पुन्हा निळा पडदा. जवळच्या दुकानातला माणूस आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावं लागेल. फक्त सी ड्राइव्ह. डीला हात लावत नाही."

काका निश्चिंत झाले. डीला हात लागणार नव्हता ना!

त्या मशीनमध्ये आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त आहे. अकरा वर्षं काकांनी भाऊबंदांना पत्रं लिहिली, वहिवाटी तपासल्या, कोणती शाखा कुठून कुठे गेली ते जुळवलं, सुनांची माहेरं विचारून विचारून लिहिली. माहिती देणाऱ्यांपैकी निम्मी माणसं आज हयात नाहीत. आणि ही सगळी फाईल कुठे? डेस्कटॉपवर, समोरच, पटकन सापडावी म्हणून.

डेस्कटॉप कुठे असतो? सी ड्राइव्हमध्ये.

'माय डॉक्युमेंट्स'सुद्धा सीमध्येच. मेल उतरवून घेणारा आउटलुक असेल तर त्याचा टपालसाठाही बहुधा सीमध्येच. दुकानाचे हिशेब टॅलीत असतील तर ते फोल्डर कुठे बनलंय, हे एकदा उघडून बघा. सी म्हणजे विंडोज आणि डी म्हणजे आपलं सामान, ही वाटणी असेंबल करणाऱ्यानं मनात केलेली असते. कॉम्प्युटरला ती कुणी सांगितलेली नसते.

मग बिघाड होता तरी काय? एक सेल.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, वीस मिलिमीटर व्यासाचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं आणि बोर्डाची सेटिंग्ज जपणं एवढंच त्याचं काम. घरात वीज असते तोवर त्याच्यावर फारसा भार पडत नाही, म्हणून तो संपत आलाय हे कळतही नाही. मेन स्विच तीन आठवडे बंद राहिला आणि म्हातारा सेल एकट्याच्या बळावर टिकला नाही.

पडद्यानं ते सांगितलंही होतं. सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर ओळ आली होती: सीमॉस चेकसम खराब आहे, मूळ सेटिंग्ज घेऊन पुढे जायचं तर एफ-टू दाबा. आधी काकांनी आणि मग दुकानातल्या माणसानंही एफ-टू दाबलं. वाचलं नाही, दाबलं.

बिघाडाचं अर्धं निदान पडद्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायचं कुणी?

मूळ सेटिंग्ज घेतली म्हणजे काय झालं, तेही ऐका. हार्ड डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती त्या बोर्डात होत्या, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. विंडोज बसवताना एएचसीआय निवडलेली होती. सेल गेला, सेटिंग पुसलं गेलं, बोर्ड आपल्या मूळच्या आयडीईवर परतला. सुरू होताना विंडोजनं आपल्या सवयीच्या दारावर थाप मारली आणि दार उघडेना. म्हणून निळा पडदा आणि त्यावर शेवटी 'सेव्हन-बी' असलेला कोड. त्याचा अर्थ एवढाच, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तिथे विंडोजला पोचता येत नाही.

डिस्क ठणठणीत. विंडोज ठणठणीत. फाईल ठणठणीत. एका ओळीचं सेटिंग बदललेलं, आणि त्यावर उपाय काय सुचवला गेला? अकरा वर्षं पुसून टाकण्याचा.

हा एकट्या त्या माणसाचा दोष नाही, हेही इथेच सांगतो. फॉरमॅटला तासभर लागतो, ठरलेले पैसे मिळतात, मशीन सुरू झालेलं दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. निदानाला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. 'नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?' हे वाक्य कुणाचं? आपलंच.

बघण्याचे पैसे द्या. सगळं कौशल्य बघण्यातच आहे.

आम्ही काय केलं? पहिलं काम म्हणजे मशीन पुन्हा सुरूच केलं नाही. डिस्क बाहेर काढली, साटा-टू-यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली आणि काकांचं पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. असा अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. तोही नको असेल तर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्या आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. विंडोज मेलं असलं तरी फाईली समोर दिसतात आणि कॉपी होतात. एक पैसा लागत नाही. किती घरी हा प्रयत्न आधी होतो?

फाईली हाती आल्यावरच सेल बदलला. मशीन तारीख १ जानेवारी २००९ दाखवत होतं, ती दुरुस्त केली. सेटिंग पुन्हा एएचसीआयवर आणलं, एफ-टेन दाबून सेव्ह केलं. विंडोज सुरू झालं, जणू काका कालच उठून गेले होते.

तारखेचा हा मुद्दा ध्यानात ठेवा. घड्याळ मागे गेलं की बँकेची वेबसाइट उघडत नाही, ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून ओरडतो. कारण प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि २००९ साली ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. घरात निष्कर्ष निघतो, व्हायरस आहे. मग अँटिव्हायरस विकत घेतला जातो.

सेल तीस-चाळीस रुपयांना मिळतो.

काकांच्या मशीनचा रोग सेलचा निघाला; तुमच्या डब्याचा दुसराही असू शकतो. बटण दाबलं, पंखा फिरतोय, पडदा काळा आणि आतून बीप-बीप? बहुतेक वेळा रॅम. मशीनची वीज काढा, रॅमची पट्टी उपसा, सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, भुसा झटका, दोन्ही बाजूंनी 'टक' ऐकू येईपर्यंत दाबून बसवा. आपल्या हवेत पावसाळ्यातल्या ओलीनं हे दात काळवंडतात, कोकणात तर जास्तच. खोडरबराचं काम आहे, तिथेही काही जण नवा मदरबोर्ड सुचवतात.

बोर्डावरचे उभे डबीसारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेत, तपकिरी चिकट द्रव आलाय? तर मात्र खोडरबर बाजूला ठेवा. २००० नंतरच्या पाच-सात वर्षांतले कितीतरी बोर्ड याच रोगानं गेले. बोर्ड गेला म्हणजे फाईली गेल्या का? नाही. फाईली डिस्कमध्ये आहेत, डिस्क वेगळी आहे. तरीही मदरबोर्ड गेला म्हणून लोक पूर्ण डबा भंगारात देतात, डिस्कसकट.

आणि आता खरी भीती. डिस्कमधूनच 'टक... टक... टक' असा एका लयीत आवाज येत असेल तर?

बंद करा. लगेच. पुन्हा एकदा सुरू करून बघण्याचा मोह आवरा.

डेस्कटॉपच्या डिस्कमधली तबकडी सहसा मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारी सुई तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस साधारण पन्नास हजार नॅनोमीटरहून जाड असतो. त्या फटीत धुळीचा एक कण म्हणजे डोंगर. आणि आपल्याकडे हौशी माणसं जेवणाच्या टेबलावर स्क्रू काढून डिस्कचं झाकण उघडतात! 'प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा' हा सल्लाही वर्षानुवर्षं फिरतोय. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव साचतं, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. सल्ला देणाऱ्याला नाही.

दुसरा आवडता उपाय चेक-डिस्क. डिस्क धडधाकट असेल आणि फक्त नोंदींचा गोंधळ असेल तर ते चांगलं हत्यार आहे. पण मरणासन्न डिस्कवर ते कोपरा न् कोपरा रगडतं आणि उरलेला श्वासही घेतं. अशा डिस्कसाठी डीडीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची रीत बघा. जे सहज वाचता येतं ते आधी उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, अडलेल्या जागा सोडून पुढे जायचं, आणि त्यांच्याकडे शेवटी वळायचं. पूर आलेल्या घरातून माणूस सामान काढतो तसं.

फॉरमॅट होऊनच गेलं असेल तर? तेव्हाही हात थांबवा. 'क्विक' फॉरमॅटमध्ये पुसली जाते ती अनुक्रमणिका, पानं जागेवर असतात. पानांवर नवं लिहिलं की ती जातात. म्हणजे नवं विंडोज टाकणं, गाणी भरणं, काही डाउनलोड करणं बंद. डिस्क काढा, दुसऱ्या मशीनला लावा, टेस्टडिस्क किंवा फोटोरेक चालवा. दोन्ही मोफत. फोटोरेक फाईलची ठेवण ओळखून फाईली वेचतं. नावं मिळत नाहीत, पण लग्नातले फोटो नावावाचूनही ओळखता येतात. मात्र व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, किंवा डिस्क एसएसडी असेल आणि तिचं ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागा आपोआप रिकाम्या करणं, चालू असेल, तर आशा फार ठेवू नका.

आता आपल्या, मराठी माणसाच्या दुखण्याकडे येतो. कुलवृत्तान्ताची फाईल सुखरूप लॅपटॉपवर आली. उघडली. पानभर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, चिन्हं आणि चौकोन.

काकांचा चेहरा पडला. फाईल वाचली होती, मराठी हरवली होती!

कारण जुने मराठी फॉन्ट ही नजरबंदी होती. आत साठवलेला असायचा रोमन अक्षराचा क्रमांक, फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र काढून दाखवायचा. फॉन्ट नसेल तर चित्र नाही. श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, असे किती तरी, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही आला. पण छपाईची पानं लावणाऱ्या पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, छापखाने जुन्या फॉन्टवर राहिले, आणि छापखान्याला द्यायचं म्हणून काकांसारखी माणसंही तिथेच राहिली.

ते फॉन्ट कुठे होते? विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये. म्हणजे पुन्हा सीमध्येच.

डीला हात न लावता, कुलवृत्तान्त डीवर असता तरीही, त्या फॉरमॅटनं तो वाचण्याची सोय पुसली असती. हे कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?

म्हणून सांगतो, जुन्या मशीनमधून फाईली काढाल तेव्हा फॉन्टचं फोल्डरही उचला. सॉफ्टवेअरची सीडी शोधा. मशीनच्या मागच्या बाजूला खोचलेला डोंगल असेल तर तो कचरा समजून टाकू नका, त्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडणारच नाही. मग कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि एकदा डोळ्यांनी वाचा. रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी घसरते, जोडाक्षरं मोडतात. कुलवृत्तान्तात एका रफारानं माणसाचं नाव बदलतं.

काका सध्या रोज चार पानं तपासतात.

आणि तो जुना डबा? इंटरनेटपासून लांब ठेवलाय. विंडोज सेव्हनचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. विंडोज टेनचाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० हे सुरक्षेचं अंग बोर्डात लागतं, ते २०१० च्या बोर्डात कुठून येणार? नेटवर वापरायचाच असेल तर त्यात एसएसडी घाला, रॅम वाढवा आणि लिनक्स मिंट टाका. पण जुने फॉन्ट, जुनं सॉफ्टवेअर, जुनी फाईल एकत्र सुरू होईल असं ते घरातलं एकमेव यंत्र आहे. युनिकोडचं काम संपेपर्यंत तो डबा हलवायचा नाही, असं आम्ही ठरवलंय.

कुलवृत्तान्त आता तीन ठिकाणी आहे. काकांकडे, माझ्याकडे आणि चुलत बहिणीकडे बंगळुरूला. एवढं करायला एक संध्याकाळ लागली. अकरा वर्षांत ती संध्याकाळ कुणी काढली नव्हती, मीही नाही.

तुमच्या माळ्यावर किंवा टेबलाखाली असा एखादा डबा असेलच. तो दुकानात नेलात तर पैशांची घासाघीस नंतर करा. आधी पावतीवर एक ओळ लिहून, सही घेऊन ठेवा: 'मालकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.'