गोळी कुटू नका

उमरोळीत आमच्या शेजारच्या काकूंचा पॉमेरियन आठवडाभर खोकत होता. कोरडा, घशात हाड अडकल्यासारखा खोकला. परवा दुपारी काकू ओट्यावर खलबत्ता घेऊन बसलेल्या. शेजारी काकांच्या दम्याच्या गोळ्यांची पट्टी, ३०० मिलिग्रॅमची, वर ‘रिटार्ड’ छापलेलं. ‘‘अर्धीच देतेय गं, दह्यात कालवून.’’ मी त्यांचा हातच धरला.

हिशेब करा. ६० किलोच्या काकांना एका गोळीतून किलोमागे ५ मिलिग्रॅम औषध मिळतं. ४ किलोच्या कुत्र्याला अर्ध्या गोळीतून साडेसदतीस. म्हणजे साडेसातपट! त्यात ‘रिटार्ड’ गोळी पोटात सावकाश, तासन्‌तास विरघळावी अशी बनवलेली असते. ती कुटली की सगळं औषध एकदम रक्तात उतरतं. या गोळीतल्या थिओफायलिनसारख्या औषधात गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. आधी ओकारी, मग अस्वस्थ येरझारा, छातीची धडधड, थरथर आणि शेवटी झटके.

औषध वाईट नाही. पशुवैद्य ते कुत्र्यामांजरांनाही देतात, पण वजन करून. मांजराच्या शरीरातून ते कुत्र्यापेक्षा सावकाश बाहेर पडतं, म्हणून दोघांच्या वेळाही वेगळ्या. सोबत एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर थिओफायलिन रक्तात साठत जातं. म्हणून आधीची सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. सर्दीची गोळी मांजराला तर कधीच नको. तिच्यात बहुधा पॅरासिटामॉल असतं, आणि ते मांजराचा जीव घेतं.

मुळात प्रत्येक खोकला दम्याचा नसतो. पॉमेरियनमध्ये श्वासनलिका चपटी होते, म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदय थकतं. खोकला दोन्हींत येतो. आपल्याकडे सगळा दोष तारापूर औद्योगिक वसाहतीच्या हवेवर जातो. हवा वाईट आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या एकूण प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होतं. पण आपल्या कुत्र्याच्या छातीत काय चाललंय, ते तपासणीतून आणि एक्स-रेतूनच कळतं.

दम्याचा पंपही उशाशी ठेवू नका. सॅल्ब्युटामॉलच्या एका डब्यात बहुधा २०० फवारे असतात. कुत्र्याने दात रोवले तर त्यातलं कितीतरी औषध एका क्षणात त्याच्या तोंडात जातं. हृदय बेफाम धावतं, रक्तातलं पोटॅशियम घसरतं. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका, मीठच बाधतं. थेट दवाखाना गाठा.

घरी करण्यासारखं एक काम मात्र जरूर करा. प्राणी गाढ झोपला की मिनिटभर त्याचे श्वास मोजा. वारंवार ३० च्या वर जात असतील तर डॉक्टरांना दाखवा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नका.

काकूंनी दह्याची वाटी बाजूला सारली. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, मग एकट्या. फरक कागदावर लिहिला. संध्याकाळी रिक्षाने पालघरला निघाल्या तेव्हा ती पट्टी पिशवीत होती. डॉक्टरांना दाखवायला.