गाळात गेलेली सहल

नाशिककराच्या रविवारच्या सहलीचा अभ्यासक्रम ठरलेला आहे: आधी हिरवळीवर मिसळ, मग एखाद्या धरणाचं बॅकवॉटर, आणि तिथे पोचल्यावर पाण्याकडे पाठ करून फोटो. या परीक्षेला निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर बसवलं तर ते सपशेल नापास होतं. चाळीसेक किलोमीटर जायचं आणि पुढ्यात काय, तर उथळ पाणी, पाणकणीस आणि चिखल. डोकावायला दरी नाही की किंचाळायला धबधबा नाही. तरी माझं म्हणणं असं की निसर्ग बघायला जावं ते इथेच. बाकीच्या ठिकाणी आपण निसर्गाला नुसतं स्वतःचं तोंड दाखवून येतो.

हा चिखल आला कुठून? गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी इंग्रजांनी 1907 ते 1913 या काळात बंधारा बांधला, तो कालव्यांना पाणी द्यायला. बदकांचा विचार साहेबाच्या मनात आलाच असेल, तर बंदुकीच्या संदर्भात. पुढे नद्यांनी शंभर वर्षं इमानेइतबारे गाळ आणून ओतला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि पाटबंधाऱ्यांच्या वहीत जे खर्ची पडलं ते पक्ष्यांच्या वहीत जमा झालं. थापट्या बदकच बघा. चोच पुढे उलथन्यासारखी पसरट, कडेला बारीक दात्यांची झालर. मान पाण्यात घालून पाच-दहा जण एकामागे एक गोल फिरत राहतात. ढवळलेलं पाणी चोचीतून गाळून बाहेर जातं, किडे आणि बिया आत राहतात. आपण ज्याला नाक मुरडतो त्यावर हे उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेले पाहुणे जेवतात, आणि वर तर्री मागत नाहीत. डॉ. सालीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत राज्यातून पहिला नंबर याचाच लागला. म्हणजे आपण नापास केलेला विद्यार्थी बाहेरच्या बोर्डात चमकला.

यावर पहिला आक्षेप थंडीचा. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात तळाशी असतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि अशा पहाटे दुर्बीण धरून उभं कोण राहणार? पण पक्षी याहून कडाक्याच्या थंडीतून निघालेले असतात. त्यांच्या लेखी निफाड म्हणजे अलिबाग. दुसरा आक्षेप, रोहित (फ्लेमिंगो) दिसेलच याची हमी नाही. नाहीच. वारकरी पक्षी मात्र ढिगाने दिसतात: काळेभोर, कपाळावर पांढरा ठसा, उडण्याआधी पाण्यावरून धावत सुटणारे. पण रोहितसाठी आलेल्याला हे दर्शन म्हणजे कळसाऐवजी चपलाच बघून परतल्यासारखं वाटतं. तिसरा आक्षेप वजनदार आहे: गाळाचं कौतुक शहरातल्या माणसाला परवडतं, कालव्याखालच्या शेतकऱ्याला नाही. बरोबर आहे, आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. एवढंच म्हणता येईल की पाणी साठवण्याचा मुख्य भार वरच्या गंगापूर, दारणा अशा धरणांवर आहे. इथला बंधारा पाणी अडवून कालव्यांत वळवतो. खरी गोची पातळीची. कालव्यांना पाळीपाळीने पाणी सोडतात, त्या आवर्तनाबरोबर ती वरखाली होते. चिखल उघडा पडला की तुतवार पक्षी खूश, पाणी चढलं की बदकं. थोडक्यात, सैबेरियाच्या पाहुण्यांचा मुक्काम या कालव्यांखालच्या कोपरगावच्या उसाशी बांधलेला आहे, आणि यापैकी कुणीही अजून उपोषणाला बसलेलं नाही.

तेव्हा निघण्याआधी पंचांग बघण्यापेक्षा आवर्तन कधी आहे ते विचारावं आणि भडक शर्ट घरी ठेवावा. मनोऱ्यावर चढून मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नये. पक्षी आला तरी त्याला आपल्याशी काही बोलायचं नसतं.