बोटांच्या हालचालीचे निदान

मुलांना मोबाइलच्या व्यसनापासून कसे वाचवावे, या विषयावरील पालकांसाठीचे व्याख्यान ऑनलाइन ठेवण्याची, त्याची लिंक मोबाइलवरच धाडण्याची आणि हजेरी लागावी म्हणून दीड तास कॅमेरा सुरू ठेवण्याचा आग्रह धरण्याची प्रथा शाळांतून आता पुरेशी रूढ झाली असून, तीत काही विसंगत आहे अशी शंका आयोजकांना आल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

या रोगाचा जन्मच थट्टेतून झाला. ‘इंटरनेट व्यसन विकार’ ही संज्ञा १९९५ साली रोगनिदानग्रंथांच्या जडजंबाल भाषेचे विडंबन म्हणून रचली गेली आणि तिच्या लक्षणांत बोटांची टंकलेखनासारखी ‘ऐच्छिक किंवा अनैच्छिक’ हालचाल समाविष्ट करण्यात आली. पुढे आपल्याला हाच रोग आहे असे सांगणारे लोक खरोखरच पुढे आले. हे लक्षण प्रमाण मानल्यास जपमाळ ओढणारे आजोबा, मटार सोलणाऱ्या आजी, मांडीवर ठेका धरणारा तबलजी आणि नोटा मोजणारा रोखपाल हे सारे रुग्ण ठरतात, कारण ऐच्छिक आणि अनैच्छिक यांपलीकडे हालचालीचा तिसरा प्रकार निसर्गाने निर्माण केलेला नाही; आणि निदान टाळण्यासाठी कोणी मुठी घट्ट आवळून बसलाच, तर ती चिडचिड, म्हणजेच व्यसनाची वस्तू न मिळाल्याने होणारा त्रास, असे तज्ज्ञ व्याख्यात्यास सहज सिद्ध करता येते.

शास्त्र मात्र इतके उतावीळ नाही. स्वतःवरचा ताबा सुटणे, इतर सर्व व्यवहार मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही कृती चालूच राहणे, अशा कसोट्या ते लावते. डीएसएम-५ या निदानग्रंथाने २०१३ साली जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात जागा दिली, पण इंटरनेटवरील खेळांना ‘अधिक अभ्यास हवा’ म्हणून मागे बसवले. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणाने खेळांचा विकार मान्य केला, तोही लक्षणे साधारणपणे १२ महिने दिसावीत या अपेक्षेसह. शाळेला दीड तास पुरतो.

आणि कोणत्या तोंडाने? गृहपाठ फोनवर, फीची पावती फोनवर, निकाल फोनवर, सहलीचे संमतिपत्र फोनवर, आणि ते रात्री अकराला पाहिले नाही तर सकाळी मुलाला वर्गात उभे करणार! दारूच्या दुकानालाही परवाना लागतो आणि बंद होण्याची वेळ असते. पण कधीच न संपणारी चित्रफितींची रांग मुद्दाम रचणाऱ्यांना शाळा जाब विचारीत नाही, आणि समुपदेशनासाठी पाठवला जातो तो तेरा वर्षांचा पोरगा.

संगणकाच्या किंवा इंटरनेटच्या नुसत्या अतिवापराची स्वतंत्र रोग म्हणून नोंद डीएसएम-५ आणि आयसीडी-११ या दोन्ही ग्रंथांत अद्याप नाही. तोवर शाळांनी गृहपाठ वहीत लिहून द्यावा.