रथापुढे उलट्या पावली

गंगापूर रोडला राहणाऱ्या नाशिककराला पंचवटी स्पेनपेक्षा लांब वाटते. स्पेनला निदान व्हिसा मिळतो. पंचवटीत गाडी लावायला जागा मिळत नाही. त्यातून काळारामाच्या रथाच्या दिवशी, म्हणजे रामनवमीनंतरच्या एकादशीला, तिकडे निघालो म्हटलं की शेजारी असे बघतात, जणू आता आपली गाठ थेट द्वादशीलाच.

सोबत भाचा होता. स्पेनमधल्या पाम्प्लोनाला सान फेर्मिनचा उत्सव बघून आल्यापासून त्याला दुसरा विषय सुचत नाही. 6 ते 14 जुलै अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात लाल रुमाल, रात्रभर रस्त्यात गाणं-बजावणं आणि वाइन. सकाळी आठला मोकाट बैलांपुढे पाऊण किलोमीटरच्या वर धावायचं. 1926 साली हेमिंग्वेनं कादंबरीत हे सगळं लिहिलं, आणि तेव्हापासून जगभरची माणसं स्वखर्चानं शिंगं खायला तिथे जातात.

"मामा, नाइटलाइफ म्हणावं तर ते," भाचा म्हणाला. "आपल्याकडे दहाला शटर खाली."

"चल. आज शटर कुणाचं खाली आहे ते बघू."

चिरंजीव पांढरा झब्बा घालून बाहेर आले, आणि गळ्यात तोच पाम्प्लोनाचा लाल रुमाल. मामीनं विचारलं, "घसा धरलाय का रे?"

रिक्षानं आम्हाला रविवार कारंजाला सोडलं आणि पुढे बॅरिकेड असल्याचं आनंदानं सांगितलं. होळकर पुलावरून चालत निघालो. एप्रिलची रात्र, खाली गोदाकाठ दिव्यांनी उजळलेला, पुलावर माणसाला माणूस चिकटलेला. इथे चालावं लागत नाही. मागचे लोक आपल्याला नेतात. फक्त चप्पल आपली आपण सांभाळायची.

भाच्याला आधी खायचं होतं. स्पेनमध्ये म्हणे दर दहा पावलांवर छोट्या बशीतून काहीबाही मिळतं, सोबत ग्लास. "नाशिक तर वाइनची राजधानी!" तो म्हणाला. आहेच. पण रथ निघतो कामदा एकादशीला. त्यामुळे द्राक्षांच्या या राजधानीत एवढा मोठा रस्त्यावरचा जल्लोष साबुदाणा वड्यावर आणि उसाच्या रसावर साजरा होतो. गाड्यावरच्या मावशींनी कढईतून वडे काढले, वर दह्याची चटणी ओतली. "मिसळ नाही का?" असं त्यानं विचारताच रांगेतल्या चार जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी लांबचा नातेवाईक असल्यासारखा उभा राहिलो.

रथ दोन असतात. एक गरुडरथ, त्यात रामाच्या पादुका. दुसरा रामरथ, त्यात उत्सवमूर्ती. काळाराम मंदिरापासून दोघे निघतात, पण रामरथ गोदावरी ओलांडत नाही. तो अलीकडेच थांबतो. गरुडरथ मात्र नदीपलीकडच्या जुन्या नाशकात जातो, गल्लीबोळांतून, मेन रोडवरून, सराफ बाजारातून फिरतो आणि परत येतो. शहराचा निम्मा भाग देवाच्या दर्शनाला येतो आणि निम्म्या भागाकडे देवाच्या पादुका जातात, ही व्यवस्था मला फार पसंत आहे.

पण नेमका रथ आहे कुठे? भाच्यानं फोन काढला. नेटवर्क बसलं होतं. नाशकात यासाठी ओट्यावर बसलेल्या आज्या असतात. "आत्ता येईल" हा त्यांचा अंदाज पंधरा मिनिटांपासून दीड तासापर्यंत कधीही खरा ठरतो.

तेवढ्यात कडेवर पोर घेतलेल्या एका बाईंनी भाच्याला गाठलं. "दादा, रथ कुठवर आलाय?" पांढरा झब्बा आणि लाल रुमाल! त्यांनी त्याला रथ ओढणाऱ्या तालमीचा कार्यकर्ता समजलं होतं. त्यानंही छाती काढून सांगितलं, "येतोय ताई, दोरीच्या मागे उभ्या राहा." दोरी कुठेच नव्हती. तरीही वीसएक माणसं मागे सरली. एक काका तर पाण्याचं विचारायला आले. त्यांना यानं उसाच्या रसाच्या गाड्याकडे पाठवलं. मग ढोल जवळ आले, दांडपट्टा फिरवणारी पोरं आली, आणि त्यांच्यामागे लाकडी रथ हलत, कुरकुरत, दिव्यांच्या माळा घालून वळणावर दिसला.

रथाला बैलबिल नसतात. जाड दोरखंड माणसं ओढतात, आणि तो ओढायचे मान तालमींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. एरवी उत्सवात सगळे सारखे म्हणायची पद्धत आहे. पण याच रथाच्या दिवशी, 9 एप्रिल 1930 ला, दोराला हात कोण लावणार यावरून नाशकात दगडफेक झाली होती. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा डॉ. आंबेडकरांचा काळाराम मंदिर सत्याग्रह तेव्हा चालू होता. आतषबाजी बघताना तेही आठवलं पाहिजे.

भाचा मात्र दोराकडे बघतच नव्हता. रामरथाच्या अगदी समोर पांढऱ्या वेशातले बुवा होते. पुजारी घराण्यातला त्या वर्षीचा मानकरी. हात जोडलेले, तोंड रथाकडे, आणि चालणं उलटं. गर्दी, खड्डे, वळण, एवढा मोठा रथ अंगावर येतोय. पण हा माणूस मागे वळून बघत नाही. देवाकडे पाठ करायची नाही, एवढंच. टाच आधी टेकते, मग चवडा, मग दुसरी टाच. त्यांच्या मागची माणसं न सांगता वाट करून देत होती.

"पाम्प्लोनात लोक बैलाकडे पाठ करून पळतात," भाचा हळूच म्हणाला.

"आणि काही मिनिटांत मोकळे होतात," मी म्हटलं. "यांना परत देवळापर्यंत असंच जायचंय."

रामकुंडावर देवांचं अवभृथ स्नान झालं. आकाशात फटाके, पाण्यात त्यांचेच रंग, काठावर 'पुढचे बसा, पुढचे बसा' असा अखंड गजर. पुढचा एकही बसला नाही. घड्याळ बघण्याइतका हात वर करायला जागा मिळाली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. रथ मंदिराकडे वळले तरी फुगेवाले, पिपाणीवाले आणि कुल्फीवाले हलायला तयार नव्हते. एका हवालदारानं भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कार्यकर्ते, तुमची ती पब्लिक जरा घाटावरून हलवा." यानं ती हलवलीसुद्धा, अर्धी मराठीत, अर्धी हातवाऱ्यांनी.

होळकर पुलापलीकडे एकच रिक्षा उभी होती. गंगापूर रोड म्हणताच ड्रायव्हरनं असं भाडं सांगितलं की माझा उपवास पुन्हा सुरू झाला. मी घासाघीस करायला तोंड उघडणार, तोच भाचा बसूनही मोकळा. "जाऊ दे मामा, युरोत धरलं तर काहीच नाही."

ड्रायव्हरनं आरशातून त्याचा लाल रुमाल बघितला. "मग युरोच द्या ना साहेब."