गाळ, खरखर आणि गंगा

काशीला गेलं की आवडती वस्तू सोडायची, असा आपल्याकडे रिवाज. पिढ्यान् पिढ्या मराठी यात्रेकरू गंगेच्या साक्षीने पडवळ सोडून आले आहेत. खरंच आवडत होतं का, हे गंगा विचारत नाही. माझा पुण्याचा भाचा मात्र काशीत नवीन काहीतरी धरून बसला होता.

नागपूरकर भोसल्यांच्या घाटावर आम्ही बसलो होतो. वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ, खाली नावाडी, मधल्या पायरीवर भाच्याचं प्रवचन. विषय : कुठल्या रेकॉर्डबरोबर कुठली नॅचरल वाइन घ्यावी.

"मामा, हिच्यात बाहेरचं यीस्ट नसतं. द्राक्षाच्या सालीवर असेल तेवढंच. सल्फाइट जवळजवळ नाही, गाळतही नाहीत. म्हणून ती गढूळ दिसते, आंबूस लागते. व्हायनलच्या खरखरीशी अगदी जमतं तिचं."

म्हणजे ताडीच की! डहाणूकडे पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढेपर्यंत आपली आपण आंबते. पण ती पिणाऱ्याला कोणी रसिक म्हणत नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरलं, तेव्हा वाइन ही दारू की शेतमाल यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. ताडीचं वकीलपत्र कोणी घेतलं नाही.

खरखरीचं काय सांगू! आमच्या वडिलांची निम्मी हयात ती घालवण्यात गेली. मऊ फडकं, नवी सुई, पोरांना दम. शेवटी कॅसेट आल्या आणि तबकड्या भंगारात गेल्या. त्याच आता भाचा पगाराची चौथाई मोजून परत आणतो. बंगालकडून वर्षाला १२ लाखांची चौथाई ठरवून घेणाऱ्या भोसल्यांच्या घाटावर, उलट चौथाई भरणारा हा पहिलाच मराठी माणूस असावा.

मला मात्र शंका आली ती वेगळीच. व्हायनल म्हणजे पीव्हीसी, आपल्या मोरीतल्या पाइपाचं सख्खं भावंड. वाइन एवढी सोवळी आणि तबकडी प्लॅस्टिकची? सोवळ्यातली तबकडी होती ती लाखेची. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर किडे लाख करतात. ती शुद्ध करण्याचा धंदा एके काळी इथून जवळच, गंगेकाठच्या मिर्झापुरात जोरात होता. लहानपणी बनारसला राहिलेली गौहरजान १९०२ मध्ये कलकत्त्यात तसल्याच तबकडीसाठी गायली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यातही शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीतून सांगायला वेळ राखून.

"तीन मिनिटांत वाइन नीट उघडतसुद्धा नाही," भाचा नाराजीने म्हणाला.

या शहरात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत, आणि ठुमरी तर इथल्या गल्ल्यांतच वाढली. ही जोडी कोणी जुळवली नाही, तिच्या मैफिलीला भाच्याच्या पुण्यातल्या वाइन-रेकॉर्डच्या सत्रांसारखं आगाऊ बुकिंगही लागलं नाही. हे मी बोललो नाही. भाच्याने लगेच त्याचंही सत्र काढलं असतं.

उठताना त्याने विचारलं, "मामा, तुम्ही काय सोडलंत?"

"पडवळ. आणि तू?"

"सल्फाइट," तो गंभीरपणे म्हणाला, आणि पिशवीतून तासगावच्या पिवळ्याधमक बेदाण्यांची पुडी काढली. तो रंग गंधकाच्या धुरीने येतो. मी दोन बेदाणे घेतले आणि गप्प राहिलो.