साकेपारंगत होण्याचा शास्त्रोक्त विधी

तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी नावाची बुरशी यांपासून सिद्ध होणाऱ्या, साधारणतः १५ ते १६ टक्के मद्यार्क असलेल्या जपानी पेयास साके म्हणतात. आणि तिचा घोट घेतल्यावर काही काळ अवाक्षरही न काढता किंचित वर पाहत राहणाऱ्या व्यक्तीस साकेपारंगत म्हणतात. पहिली गोष्ट साधण्यास आयुष्य वेचावे लागते, दुसरी एका सुट्टीत साधते; प्रस्तुत मार्गदर्शन दुसरीपुरतेच मर्यादित आहे.

विधीचा आरंभ आहारनियमाने होतो. कोबेजवळील नादा किंवा क्योतोतील फुशिमी येथील साकागुरेस, म्हणजे साके तयार करण्याच्या कारखान्यास, भेट देण्यापूर्वी नात्तो, अर्थात आंबवलेले व तार सुटणारे सोयाबीन, वर्ज्य करावे. कारण त्यातील जिवाणूंचे बीजाणू उष्णतेलाही सहजी दाद देत नाहीत आणि कोजीच्या खोलीत शिरल्यास सारे मुसळ केरात जाते. ज्याने नात्तो उभ्या जन्मात पाहिलेले नाही, त्या जिज्ञासूनेही हे व्रत पाळल्याचे दारातच जाहीर करावे. आयत्या त्यागाचे पुण्य कमी भरत नाही.

दारावर टांगलेला सुगिदामा, म्हणजे सुगी वृक्षाच्या डहाळ्यांचा गोळा, नवी साके तयार झाल्याची खूण म्हणून हिरवा लावतात आणि तो हळूहळू तपकिरी होतो. त्याकडे पाहून ऋतुचक्राविषयी एक, आणि एकच, वाक्य उच्चारावे. आत गेल्यावर असे कळते की, दाण्याच्या बाहेरील थरातील स्निग्धांश व प्रथिने चवीला मारक ठरत असल्याने दाइगिंजो या प्रतीसाठी तांदूळ घासून घासून निम्मा किंवा त्याहूनही कमी उरवला जातो. या क्षणी अन्न वाया गेल्याची हळहळ चेहऱ्यावर उमटू देऊ नये, कारण त्या पिठाच्या कुरकुरीत चकत्या बहुधा पुढच्याच दुकानात विक्रीस असतात. एकाच पिंपात कोजी पिष्टाची साखर करते आणि त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते, असे तोजी, म्हणजे मुख्य कारागीर, सांगू लागला की दोनदा मान डोलवावी: एकदा कोजीसाठी, एकदा यीस्टसाठी.

आस्वादासाठी किकिचोको हा पांढरा पेला दिला जातो, ज्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळे असतात; पांढऱ्यावर रंग पारखतात आणि निळ्याच्या कडेवर नितळपणा. सुगंधी गिंजो थंड घ्यावी. जुन्माई, म्हणजे वरून मद्यार्क न मिसळलेली साके, सुमारे ४० अंशांना कोमट करून पाहावी, आणि या उष्णतेस नुरुकान म्हणतात हे शेजाऱ्यास ऐकू जाईल इतपत पुटपुटावे. स्वतःचा पेला स्वतः भरू नये. शेजाऱ्याचा भरून त्याच्या सौजन्याची वाट पाहावी. मध्ये मध्ये पाणी प्यावे, हा या मार्गदर्शनातील एकमेव नियम विनोदापलीकडचा आहे. दुसरा असा की, पिऊन वाहन चालवणाऱ्याबरोबर, तो प्यायलेला आहे हे जाणून गाडीत बसणाऱ्यासही जपानी कायदा शिक्षा करतो.

खाद्यजोडीच्या बाबतीत विज्ञान जिज्ञासूच्या बाजूने आहे. वाइनमधील लोहामुळे मासळीचा हिवसपणा वाढतो, तर लोहामुळे साकेचा रंग व गंध बिघडत असल्याने तिच्यासाठी कमीत कमी लोह असलेले पाणीच वापरले जाते. सबब, हिरोशिमाच्या कालवांबरोबर साके उत्तम जुळते, हे विधान निर्धास्तपणे करावे आणि ते सिद्ध करण्यासाठी आणखी एक बशी मागवावी.

परतीच्या वेळी १.८ लिटरची इश्शोबिन, म्हणजे मोठी बाटली, खरेदी करावी. भारतात मद्याची शुल्कमाफी दोन लिटरपर्यंत असल्याने तिच्याबरोबर १८० मिलिलिटरचा पेलाबंद साकेचा एक नगही बसतो. आणि उरलेल्या २० मिलिलिटरांत मावेल एवढेच ज्ञान घरच्या मंडळींना ऐकवावे.